आडवे येणाऱ्यांचं शास्त्र

मराठी माणसाला आडवं आलेलं सोसत नाही. मांजर आडवं गेलं तर तो चार पावलं मागे सरतो, रिक्षा आडवी आली तर काच खाली करून घसा मोकळा करतो आणि भाऊबंदांपैकी कोणी आडवं आलंच तर दिवाणी कोर्टात जातो, तो नातवाच्या मुंजीपर्यंत परत येत नाही. अशा समाजात जन्मून मला छंद लागला तो नेमका उलटा. कोणीतरी कोणाच्या तरी आडवं यावं म्हणून रात्री गच्चीवर कुडकुडत बसायचं आणि नाही आलं तर हळहळायचं.

आडवा येणारा म्हणजे सूर्यमालेच्या पार टोकाशी फिरणारा एखादा गोठलेला गोळा, आणि ज्याच्या आडवा येतो तो तारा. याला पिधान म्हणतात. चंद्र रोहिणीला झाकतो ते पिधान पुष्कळांनी पाहिलेलं असतं. पण चंद्र सभ्य आहे, येताना दिसतो, जाताना दिसतो. इथं झाकणारा दिसतच नाही, आणि ही गोष्ट घरी समजावून सांगणं हे पिधान टिपण्यापेक्षा अवघड आहे.

“म्हणजे तो दगड दिसतो का तुम्हाला?”

“नाही, तो फार लहान आणि फार लांब असतो.”

“मग तारा दिसतो?”

“आधी दिसतो. मग दिसत नाही. मग पुन्हा दिसतो.”

“किती वेळ दिसत नाही?”

“दीड सेकंद.”

“आणि त्यासाठी थर्मास भरून चहा?”

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर आहे, संसारात नाही.

शास्त्रातलं उत्तर असं. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर पोचतात. त्यामुळे ३६ किलोमीटर लांबीचा दगड ताऱ्याच्या आड आला, की पृथ्वीवर त्याची साधारण तेवढ्याच मापाची सावली पडते. ही सावली एका जागी थांबत नाही. सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगानं पळते. मुंबईवर आली तर पाच-सहा सेकंदांत पुण्यात, बोरघाटात एकदाही न अडकता. तिच्या पट्ट्यात जो दुर्बीण लावून बसला असेल त्याचा तारा विझतो आणि पुन्हा लागतो. पट्ट्याबाहेर, अगदी शेजारच्या तालुक्यात बसलेल्या माणसाचा तारा रात्रभर जसाच्या तसा. (दुसऱ्या दिवशी ‘तुम्हाला भास झाला असेल’ असं म्हणणारा हाच.)

आता दीड सेकंद तारा दिसला नाही यावरून कळणार काय? सामना रंगात आला असताना टीव्हीसमोरून घरातलं कोणी गेलं, तर तोंड न बघताही आपण सांगतो कोण गेलं ते. एक चेंडू बुडाला तर धाकटी, अख्खी ओव्हर बुडाली तर काका. पिधानाचं शास्त्र याहून फारसं वेगळं नाही. सावलीचा वेग माहीत असतो. तारा किती वेळ गेला ते मोजलं, की आड आलेल्या वस्तूची त्या रेषेवरची रुंदी मिळते. शाळेच्या भूमितीतली जीवा ती हीच. दहा गावांतले दहा निरीक्षक आपापल्या जीवा घेऊन येतात, त्या एकाखाली एक मांडल्या की दगडाचा आकार कागदावर उभा राहतो. मोठमोठ्या दुर्बिणींतून जो नुसता ठिपका दिसतो, त्याची लांबी-रुंदी किलोमीटरात सांगता येते. तारा फटकन गेला तर वस्तूभोवती हवा नाही. मंद होत होत गेला तर आहे. प्लुटोला वातावरण आहे हे १९८८ साली असंच नक्की झालं.

मात्र घड्याळ चोख हवं. सेकंदाचा दहावा भाग चुकला तर जीवेचं टोक दोन किलोमीटर सरकतं. म्हणून जीपीएसची वेळ लागते. जिथं पत्रिकेवर १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त छापून अक्षता पाऊण वाजता पडतात, तिथं हा छंद का रुजला नाही याचं मला नवल वाटत नाही.

या क्षेत्रात नशीब कसं काम करतं ते बघायचं तर १० मार्च १९७७ ची रात्र घ्यावी. त्या रात्री युरेनस एका अंधूक ताऱ्यापुढून जाणार होता. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक हे तिघं ‘कायपर’ नावाच्या उडत्या वेधशाळेत बसून हिंदी महासागरावर गेले. उडती वेधशाळा म्हणजे भलंथोरलं मालवाहू विमान, त्यात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण. ढग खाली, हे वर. ज्याच्या गच्चीवर नेमक्या वेळी ढग येतो त्यालाच या व्यवस्थेतलं सुख कळेल.

हेतू साधा होता, युरेनसचा व्यास आणि वातावरण मोजायचं. पण सावली नेमकी कधी येईल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी नोंद करणारं यंत्र बरंच आधी सुरू करून ठेवलं. ग्रह यायला अर्ध्या तासाहून जास्त अवकाश असताना तारा मिचकावला. मग पुन्हा. असं पाच वेळा. नंतर ग्रह रीतसर आला, ताऱ्याला झाकून गेला, आणि पलीकडच्या बाजूला पुन्हा तशाच पाच मिचकावण्या. आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल की कडी असणार. पण तोवर कडी म्हटली की शनी, हे इतकं ठरून गेलेलं होतं की दुसऱ्या कोणाला ती असतील हे चटकन मनात येईना. सुरुवातीचा संशय बारक्या बारक्या चंद्रांवर गेला.

त्याच रात्री तमिळनाडूत, जवादी टेकड्यांमधल्या कवलूरच्या वेधशाळेत, जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरची दुर्बीण त्याच ताऱ्यावर रोखून बसले होते. ग्रहाची सावली त्यांना हुकली; पण त्याआधी तारा काही सेकंद मंदावला तो त्यांनी बरोबर टिपला. युरेनसचे तेव्हा पाच चंद्र माहीत होते. हा सहावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग ‘नेचर’च्या एकाच अंकात लागोपाठच्या पानांवर तीन निबंध आले. विमानवाले म्हणाले कडी, ऑस्ट्रेलियात पर्थहून पाहणारे म्हणाले कडी, आपले म्हणाले नवा चंद्र. संपादकांच्या तटस्थपणाला माझा नमस्कार. आपल्याकडच्या संपादकानं तिघांना एकमेकांविरुद्ध पत्रं लिहायला लावून वर्षभर अंक चालवला असता.

जे दिसलं ते तिघांनाही तेच होतं. कवलूरच्या मंडळींनी आपल्याच नोंदी पुन्हा काढून तपासल्या, आणि वर्षाच्या आत भट्टाचार्य आणि वेणु बाप्पू यांनी युरेनसला शनीसारखी कडी असल्याचा निबंध त्याच ‘नेचर’मध्ये छापला. स्वतः काढलेला निष्कर्ष एखाद्यानं वर्षाच्या आत, स्वतःच्याच कागदांवरून बदलणं, हे मला कड्यांपेक्षाही दुर्मीळ वाटतं. आमच्याकडं पाण्याच्या टाकीच्या गळतीचं कारण २०११ साली ठरलं, ते अजून तेच आहे. गळतीही तीच आहे.

नेपच्यूननं मग याचा वचपा काढला. युरेनसला कडी सापडल्यावर जो तो नेपच्यूनची कडी धुंडायला लागला. २४ मे १९८१ रोजी नेपच्यूनजवळचा एक तारा काही सेकंद गेला, आणि तो निघाला खराखुरा चंद्र, लॅरिसा. युरेनसपाशी चंद्र म्हणावं तर कडं निघतं, नेपच्यूनपाशी कडं शोधावं तर चंद्र. बरं, पुढं नेपच्यूनची कडीही हाती लागली, ती अशी की ग्रहाच्या एका बाजूला तारा मिचकावायचा, दुसऱ्या बाजूला नाही. अर्धवट कडं कोण करतं? १९८९ साली ‘व्हॉयेजर-२’ तिथं पोचलं तेव्हा उलगडा झाला. कडं पुरतं आहे, पण एका भागातच दाट, बाकी सगळं विरळ.

२०१३ साली तर कहर झाला. शनी आणि युरेनसच्या मधे चारिक्लो नावाचा जेमतेम अडीचशे किलोमीटरचा गोळा फिरतो. ब्राझीलचे फेलिपे ब्रागा-रिबास आणि त्यांचे सहकारी त्याची जाडी मोजायला गेले आणि याच्याभोवती दोन कडी निघाली. त्यांनी त्या कड्यांना ब्राझीलच्या उत्तर आणि दक्षिण टोकाच्या नद्यांची नावं लाडानं ठेवली, ओयापोके आणि शुई. आपल्याकडं असा शोध लागला असता तर नावांवरूनच दोन समित्या झाल्या असत्या, एक विदर्भाची आणि एक उरलेल्या महाराष्ट्राची.

प्लुटोच्या बाबतीत या सावल्यांनी जखमेवर मीठ चोळलं. २००५ साली माइक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एरिस जाहीर केला आणि तो प्लुटोहून मोठा असल्याचं सांगितलं गेलं. मग ग्रह कशाला म्हणायचं हा वाद पेटला आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथं आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं प्लुटोचं ग्रहपद काढून घेतलं. कारण काय, तर त्यानं आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला नाही. (हा निकष आमच्या सोसायटीला लावला तर एकही सभासद उरायचा नाही.) चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर २०१० रोजी, सुमारे १,४०० कोटी किलोमीटरवरचा हा एरिस एका अंधूक ताऱ्यापुढून गेला. सावली चिलीवरून गेली, दोन ठिकाणच्या दुर्बिणींना तारा गेलेला दिसला, आणि व्यास निघाला २,३२६ किलोमीटर. २०१५ साली ‘न्यू होरायझन्स’ यान प्लुटोजवळून गेलं. त्याचा व्यास भरला २,३७७. ज्याच्या मोठेपणावरून प्लुटोची चौकशी निघाली तोच एक्कावन्न किलोमीटरनं, म्हणजे जेमतेम सीएसएमटी ते कल्याण एवढ्यानं, लहान ठरला. वजनाला एरिस सव्वापट भारी आहे आणि ठरावात आकाराचा प्रश्न नव्हताच, त्यामुळे प्लुटोचं अपील टिकणार नाही. पण दाखल तरी करून घ्यायला हरकत नव्हती.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या अर्जेंटिनाकडं येतो.

प्लुटो आटपल्यावर ‘न्यू होरायझन्स’ला पुढचं गिऱ्हाईक म्हणून एक दगड नेमून दिला होता. हबल दुर्बिणीतून २०१४ साली सापडलेला, नाव ‘२०१४ एमयू ६९’, आजचा अ‍ॅरोकॉथ. अंतर साडेसहाशे कोटी किलोमीटर. केवढा आहे, कसा आहे, कोणाला ठाऊक नाही आणि यान तर निघालेलं. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याची सावली पृथ्वीवर तीनदा पडणार होती. (उन्हाळा त्यांच्या नासाचा, दक्षिण गोलार्धात कडाक्याची थंडी.) ३ जूनला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना इथं दुर्बिणींची रांग लागली, एक लाखाहून जास्त प्रतिमा घेतल्या गेल्या आणि त्या लाखभर प्रतिमांमध्ये तारा अगदी ठणठणीत होता. १० जुलैला विमानातून प्रयत्न झाला. राहिली १७ जुलै.

या वेळी सावली अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या कोमोदोरो रिवादाविया या शहराच्या भागातून जाणार होती. मार्क ब्यूई यांच्या नेतृत्वाखाली २४ फिरत्या दुर्बिणी सावलीच्या वाटेवर आडव्या ओळीनं मांडल्या होत्या. पाटागोनियातला वारा म्हणजे दुर्बीण धरून ठेवावी की स्वतःला, असा प्रश्न पडावा असा. तेव्हा तिथल्या लोकांनी काय करावं? मोटारींच्या दिव्यांचा त्रास नको म्हणून मोठा हमरस्ता दोन तास बंद ठेवला. रस्त्यावरचे दिवे मालवले. वारा अडवायला दुर्बिणींच्या कडेला ट्रक आणून उभे केले. एका दगडासाठी, जो त्यांच्यापैकी कोणालाच दिसणार नव्हता.

हे वाचून मला हुरूप आला आणि मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, गच्चीवरचा हॅलोजन दहा मिनिटं बंद ठेवता येईल का, असं विचारलं.

“कारण?”

“एक लघुग्रह ताऱ्यापुढून जाणार आहे.”

“लेखी द्या. सिक्युरिटीचा प्रश्न आहे, कमिटीपुढं ठेवावं लागेल.”

“कमिटी कधी बसते?”

“महिन्याच्या शेवटच्या रविवारी. कोरम झाला तर.”

लघुग्रह बुधवारी पहाटे यायचा होता आणि त्याला रविवार चालेल का हे विचारायची सोय नव्हती. शिवाय वॉचमननं स्वतंत्रपणे माझ्याकडं चौकशी केली की साहेब, दुर्बीण नक्की कोणत्या विंगकडं लावता. तेव्हापासून मी ती फार उंचावर रोखून ठेवतो, क्षितिजाकडं फिरकत नाही.

अर्जेंटिनात चोवीसपैकी पाच दुर्बिणींना तारा गेलेला दिसला. त्या पाच जीवांवरून असं दिसलं की हा प्रकार एकसंध नाही, दोन गोळे एकमेकांना चिकटलेले किंवा अगदी जवळ असावेत. १ जानेवारी २०१९ रोजी यान तिथून गेलं तेव्हा फोटोत दोन चपटे गोळे चिकटलेले निघाले, एकूण लांबी सुमारे ३६ किलोमीटर. रस्ता अडवून, दिवे मालवून, ट्रकच्या आडोशाला बसून काढलेलं चित्र साडेसहाशे कोटी किलोमीटरवर बरोबर आलं.

बाकी या छंदाचा खरा शत्रू हॅलोजन नाही, ढग आहे. २० मार्च २०१४ च्या पहाटे एरिगोनी हा लघुग्रह मघा ताऱ्याला झाकणार होता. मघा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना ठसठशीत दिसणारा तारा, सुमारे १४ सेकंद जाणार, आणि सावलीच्या वाटेवर कोण, तर खुद्द न्यूयॉर्क. असा योग पुन्हा येणे नाही. लाखो लोकांना दुर्बिणीशिवाय बघता आलं असतं. त्या रात्री त्या वाटेवर गच्च ढग होते.

आपल्याकडं तर हा पंक्तिप्रपंच कायमचा. प्लुटो कित्येक वर्षं धनु राशीत मुक्कामाला होता. तिथं आकाशगंगेची दाट वस्ती, त्यामुळे तो ऊठसूट कोणा ना कोणा ताऱ्याच्या आड येणार. अ‍ॅरोकॉथही त्याच बाजूला. पण धनु रास रात्रभर दिसते ती जून-जुलैत, आणि जून-जुलैत महाराष्ट्रात काय दिसतं हे मी सांगायला नको. रेनकोटमध्ये दुर्बीण गुंडाळून आभाळाकडं बघत बसणाऱ्या माणसाची शेजारी विचारपूस करतात, ती खगोलशास्त्राच्या कुतूहलानं नव्हे.

तरी भारताचं नशीब सगळंच ढगाळ नाही. ६ जून २०२० रोजी प्लुटो एका ताऱ्यापुढून गेला. कोकण तेव्हा तीन दिवसांपूर्वीच्या ‘निसर्ग’ वादळानं उडवलेले पत्रे गोळा करत होतं, देश टाळेबंदीतून नुकता डोकं बाहेर काढत होता, आणि नैनीतालजवळ देवस्थळ इथं आभाळ मोकळं होतं. तिथल्या ३.६ मीटर आणि १.३ मीटर व्यासाच्या दुर्बिणींनी तो तारा मंद होत जाताना आणि परत येताना टिपला. त्यावरून प्लुटोच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब निघाला, आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या ऐंशी हजारांश भागाहून कमी, आणि २०१५ पासून तो फारसा बदललेला नाही हेही कळलं. सगळी माणसं घरात कोंडलेली असताना प्लुटोच्या हवेची चौकशी करणारं कोणी होतं, हे मला फार बरं वाटलं.

हौशी माणसाला आता पूर्वीइतकं अवघडही राहिलेलं नाही. पूर्वी सावलीची भाकितं इतकी ढिली असायची की ती नागपूरवरून जाणार म्हणून बिऱ्हाड घेऊन जावं आणि ती श्रीलंकेवरून निघून जावी. युरोपच्या ‘गाया’ यानानं शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पत्ते इतके नेमके लावून दिले की आता तालुका सांगता येतो. ‘ऑकल्ट वॉचर’ नावाची संगणक प्रणाली आहे. तुमचं ठिकाण तिला सांगितलं की कोण, कधी, कोणाच्या आडवं येणार याची यादी मिळते. लघुग्रहांची पिधानं बारा महिने चालू असतात, आणि नोव्हेंबर ते मार्च आपलं आभाळ स्वच्छ असतं. छोटी दुर्बीण, तिला लावायला बरा कॅमेरा आणि जीपीएसची वेळ एवढ्यावर भागतं.

आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या गच्चीवरून तारा गेलाच नाही, रात्रभर ढिम्म तेवत राहिला, तरी ती नोंद फुकट जात नाही. सावली तुमच्या गावापर्यंत पोचली नाही, म्हणजे तो दगड तिथवर रुंद नाही, हे तुमच्यामुळेच ठरतं. आकार आखताना अशा ‘नाही’वाल्यांच्या रेषाही मांडतात. तेव्हा वेळ, जागा नीट लिहून ठेवा, आणि काही दिसलं नाही तर काहीच दिसलं नाही असं आवर्जून कळवा.